मध्यम वयातील आरोग्य आणि आपली नखे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 संमेलनाच्या या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, व्यवसाय आणि ज्ञातीची संघटना या विषयांचा ऊहापोह नेहमी होत असतो व तो व्हावयासच हवा. यंदा मंडळाच्या चालकांनी आरोग्यावर काही बोलावे अशी आज्ञा केली, तेव्हा आम्ही मुद्दामच एक लहानसा विषय निवडला. तो विषय म्हणजे आपल्या हातापायांची नखे. हे ऐकून काही जणांना हसू येईल. आपल्या भाषेत नख हे क्षुल्लकपणाचेच उदाहरण आहे. ‘त्याच्या पायाच्या नखाचीही सर हिला यायची नाही’ असे आपण सहज बोलून जातो. परंतु जी वस्तू प्रत्येकाजवळ आहे, जी पाहण्यास पैसा लागत नाही आणि जिच्याकडे वयाच्या चाळिशीनंतर मुळीच कोणी पाहत नाही, तिच्याविषयी बोलणे निरर्थक नाही, असे आम्हांस वाटते.

दुसरेही एक कारण आहे. आपण कासार. भांडी आणि बांगड्या हा आपला पिढीजात व्यवसाय. आज ज्ञातीतील अनेक तरुण कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि परदेशांतही नोकऱ्या करीत असले, तरी बांगड्या भरण्याचे काम अजून पुष्कळ घरांतून चालू आहे. बांगडी भरणाऱ्याच्या हाती जितक्या स्त्रियांचे हात येतात तितके क्वचितच दुसऱ्या कोणाच्या हाती येत असतील. हात मऊ आहे की कडक, गार आहे की उबदार, सुजला आहे की वाळला आहे, हे आपल्या मायबहिणींना बोटांच्या स्पर्शाने कळते. एखादीला पूर्वी दोन-चारची बांगडी सहज चढत असे आणि आता दोन-सहाचीही अडते, हेही त्यांच्या ध्यानात राहते. हाताची अशी ओळख ज्या ज्ञातीला परंपरेने लाभली आहे, तिने त्या हातावरील नखे वाचण्यासही शिकावे, एवढाच आमच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम नख म्हणजे काय ते पाहू. नख हे केराटिन नावाच्या प्रथिनाच्या थरांचे बनलेले असते. केस आणि गुरांचे खूर हेही त्याच द्रव्याचे. आपणांस दिसते ते नख निर्जीव असते, म्हणूनच ते कापताना वेदना होत नाही. जिवंत असते ते नखाचे मूळ. ते बोटाच्या कातडीच्या घडीखाली दडलेले असते आणि नखाच्या तळाशी जी पांढरट चंद्रकोर दिसते, ती त्या मुळाचाच उघडा भाग होय. मुळाशी नवे नख तयार होते आणि जुने पुढे सरकते. नखाच्या खाली जी मऊ गादी असते तीत बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते व नखाचा गुलाबी रंग हा वस्तुतः त्या रक्ताचा रंग असतो.

एवढे समजले म्हणजे नखांची भाषा बरीचशी उलगडते. नखाचा आकार आणि पृष्ठभाग हा मुळाने घडविलेला असल्यामुळे त्यावरून गेल्या काही महिन्यांचा वृत्तान्त कळतो. गादीचा रंग मात्र बहुधा आजची स्थिती सांगतो. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत येण्यास त्याला सुमारे ६ महिने लागतात. पायाचे नख याच्या निम्म्या गतीने वाढते. अंगठ्याचे संपूर्ण नख नवे येण्यास तेथे १२ ते १८ महिने जातात. याचा अर्थ असा की, आज आपल्या बोटांवर गेल्या सहा महिन्यांची आणि पायांवर गेल्या वर्षा-दीड वर्षाची नोंद लिहिलेली आहे.

वय वाढते तशी ही गती मंदावते. विल्यम बीन नावाच्या एका अमेरिकन डॉक्टरांनी याचा मोठ्या चिकाटीने पडताळा घेतला. १९४१ साली त्यांनी आपल्या अंगठ्याच्या नखाच्या तळाशी खूण करून ती टोकाला केव्हा पोहोचते हे टिपण्यास आरंभ केला आणि हा परिपाठ ३५ वर्षे चालविला. वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ६७ व्या वर्षी तेच ०.०९५ मिलिमीटरवर आले. तरुणपणी जे अंतर नख १०० दिवसांत तोडी, त्यास उतारवयात जवळजवळ १३० दिवस लागू लागले. तेव्हा चाळिशी-पन्नाशीनंतर नखे सावकाश वाढू लागली, तर त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

वयाबरोबर स्वाभाविकपणे होणारे आणखी काही बदल येथेच सांगून टाकतो, म्हणजे विनाकारण चिंता उरणार नाही. मुळापासून टोकाकडे जाणाऱ्या बारीक उभ्या रेघा बहुतेकांच्या नखांवर पन्नाशीपर्यंत उमटतात. त्या केसांच्या पांढरेपणासारख्याच समजाव्यात. नखे थोडी निस्तेज होतात, पायाची जाड होतात. काहींच्या बोटांवरील चंद्रकोर दिसेनाशी होते. ती बहुधा कातडीच्या घडीखाली झाकली गेलेली असते, तिचा अशुभाशी काही संबंध नाही. नखांवरील पांढऱ्या ठिपक्यांबद्दल तर आपल्याकडे दोन समजुती आहेत. मुलांच्या समजुतीप्रमाणे ठिपका आला की नवे कपडे मिळतात आणि मोठ्यांच्या समजुतीप्रमाणे अंगात कॅल्शियम कमी पडले. दोन्ही समजुती निराधार आहेत. नखाच्या मुळाला केव्हातरी बसलेल्या किरकोळ धक्क्याची ती खूण असते आणि नख वाढते तसा तो ठिपका पुढे सरकून निघून जातो.

आता ज्या बदलांकडे लक्ष दिलेच पाहिजे त्यांकडे वळू. त्यांत सर्वांत आधी, आणि सर्वांत विस्ताराने, आम्ही रक्तक्षयाविषयी बोलणार आहोत, कारण आपल्या घरांत तो सर्वाधिक आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षितही आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी १०० मागे ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण ५४ होते. म्हणजे येथे बसलेल्या भगिनींपैकी निम्म्यांहून अधिक जणींना तो असणे संभवते. आपले घर सुखवस्तू आहे म्हणून आपण यातून सुटलो, असे कोणी समजू नये.

रक्तक्षयात नखाची गादी आपला गुलाबी रंग टाकून फिकट होते. लोहाची उणीव दीर्घकाळ राहिली तर नखे पातळ व ठिसूळ होतात, मधोमध सपाट होतात आणि पुढे त्यांना चमच्यासारखा खोलगटपणा येतो. अशा नखावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ओघळून न जाता तेथेच राहतो. तान्ह्या मुलांच्या पायांची नखे अशी असणे स्वाभाविक आहे, परंतु पंचेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या हाताची नखे अशी झाली, तर त्याचा अर्थ शोधलाच पाहिजे.

तो अर्थ स्त्रियांच्या बाबतीत पुष्कळदा ऋतुनिवृत्तीच्या आधीच्या चार-पाच वर्षांत दडलेला असतो. या काळात पाळी अनियमित होते आणि कित्येकींना अतिशय रक्तस्राव होतो. ‘या वयात असे व्हायचेच’ अशी समजूत करून घेऊन त्या गप्प राहतात. जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय गळून जातात, केस गळतात, जीभ सोलवटल्यासारखी होते, आणि हे सर्व वयावर किंवा कामावर ढकलले जाते. घरातील सर्वांची ताटे वाढून झाल्यावर उरलेल्यात भागविणे, पालेभाजी मुलांना व पुरुषांना आधी घालणे, आपल्या औषधाचा खर्च पुढील महिन्यावर टाकणे, या सवयींना आपण त्याग म्हणून गौरवितो. आमच्या मते यात गौरवाचे काही नाही. ज्या घरात आईच्या नखांचा रंग उडालेला आहे आणि तो कोणाच्या लक्षातही आलेला नाही, त्या घराने स्वतःस विचारावयास हवे की, आपण कोणाच्या बळावर उभे आहोत.

पुरुषांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आणि कदाचित अधिक गंभीर आहे. पुरुषास पाळीचा रक्तस्राव नसतो. म्हणून चाळिशी-पन्नाशीतील पुरुषाच्या अंगात लोह कमी पडले, तर ते कोठून तरी गळत आहे असे प्रथम समजावे. ते मूळव्याधीतून जात असेल, सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे खाऊन जठरात झालेल्या व्रणातून जात असेल, किंवा आतड्याच्या कर्करोगातूनही जात असेल. ऋतुनिवृत्ती झालेल्या स्त्रीसही हाच नियम लागू आहे. अशा वेळी नुसत्या लोहाच्या गोळ्या घेऊन रंग परत आला म्हणून समाधान मानणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतीत राहणे होय. हंड्याचे छिद्र आधी शोधावे लागते, हे आपल्या ज्ञातीला निराळे सांगावयास नको.

रक्ताची तपासणी साधी आणि स्वस्त आहे. हिमोग्लोबिन स्त्रीमध्ये १२ आणि पुरुषामध्ये १३ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. शरीरातील लोहाची शिल्लक मात्र हिमोग्लोबिन उतरण्यापूर्वीच संपलेली असू शकते. ती ‘फेरिटिन’ या तपासणीवरून कळते. आहारात अळीव, राजगिरा, पालेभाज्या, कडधान्ये असावीत. जेवणात लिंबू किंवा आवळा असला तर लोह अंगी लागते. उलट जेवणावर लगेच चहा घेतल्याने ते अंगी लागण्यास अडथळा होतो, म्हणून चहा तास-दीड तासाने घ्यावा. भाजी लोखंडी कढईत करण्याची जुनी रीतही चांगलीच होती. परंतु एकदा रक्तक्षय जडल्यावर केवळ आहाराने तो भरून निघणे कठीण असते. डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावेच लागते.

नखांच्या आकारातील दुसरा महत्त्वाचा बदल म्हणजे बोटांची टोके फुगून नखे घड्याळाच्या काचेसारखी बहिर्गोल होणे. ही खूण फार प्राचीन काळापासून ठाऊक आहे. ग्रीक वैद्य हिपोक्रेटिस यांनी सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी छातीत पू झालेल्या रोग्यांच्या बोटांत ती नोंदविली. फुप्फुसाचा कर्करोग, फुप्फुसातील जुना पू, हृदयाचे काही विकार, यकृताचे आणि आतड्यांचे काही जुनाट विकार यांत ती आढळते. काही कुटुंबांत अशी बोटे जन्मतःच असतात व त्यांस काही अपाय नसतो. परंतु पूर्वी नसलेली ही खूण मध्यम वयात नव्याने आली, आणि विशेषतः ती व्यक्ती विडी-सिगारेट ओढणारी असेल, तर छातीची तपासणी त्वरित करावी.

ही खूण पाहण्याची एक सोपी रीत आपण आताच करून पाहू शकता. दोन्ही हातांच्या तर्जनी नखांच्या बाजूंनी एकमेकींस टेकवा आणि प्रकाशाकडे धरा. नखांच्या तळाशी शंकरपाळ्याच्या आकाराची एक बारीक फट दिसेल. बोटे फुगली असतील तर ही फट नाहीशी होते. दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञ लिओ शॅमरॉथ यांना स्वतःलाच हृदयाच्या आतील अस्तराचा दाह झाला होता. त्या आजारात आपल्या बोटांमधील ही फट नाहीशी झाली आणि बरे वाटल्यावर पुनः दिसू लागली, हे त्यांनी स्वतः पाहिले व १९७६ साली प्रसिद्ध केले. आपणांपैकी कोणास फट दिसली नाही तर तेवढ्यावरून भयभीत होऊ नये. डॉक्टरांना बोटे दाखवावीत, म्हणजे झाले.

तिसरी खूण आडव्या खाचांची. उभ्या रेघा वयाच्या, हे मघाशी सांगितले. आडवी खाच ही आजाराची असते. फ्रान्समधील बो नावाच्या डॉक्टरांनी १८४६ साली तिचे वर्णन केले. जबर ताप, शस्त्रक्रिया, कर्करोगावरील औषधे किंवा असाच एखादा भारी आघात शरीरावर झाला की, नखाचे मूळ काही दिवस आपले काम थांबविते आणि पुनः सुरू करते. त्या खंडाची खाच नखावर उमटते. विषमज्वर, डेंग्यू, न्यूमोनिया यांनंतर ती दिसते. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या साथीनंतरही पुष्कळ रोग्यांच्या नखांवर ती दिसली. खाच नखाच्या तळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर आघात सुमारे दोन-अडीच महिन्यांपूर्वीचा, असा हिशेब मांडता येतो. सर्व बोटांवर एकाच अंतरावर खाच असेल तर ती शरीराची, आणि एकाच बोटावर असेल तर त्या बोटास लागलेल्या माराची. खाच पुढे सरकून आपोआप निघून जाते, तिला औषध नको. मात्र आपण आजारी पडल्याचे आठवत नसतानाही दहाही बोटांवर खाचा दिसल्या, तर त्याचा शोध घ्यावा.

रंगाचे बदल अनेक आहेत, त्यांतील मुख्य तेवढे सांगतो. डॉक्टर रिचर्ड टेरी यांनी १९५४ साली यकृत कठीण झालेल्या रोग्यांत असे पाहिले की, जवळजवळ संपूर्ण नख दुधी काचेसारखे पांढरे होते आणि टोकाशी फक्त एक अरुंद तांबूस पट्टी उरते. हृदय दुर्बल झाल्यास, मधुमेहात आणि काही वेळा नुसत्या वार्धक्यानेही असे होते. मूत्रपिंडे निकामी होत असता नखाचा तळाकडील अर्धा भाग पांढरा आणि टोकाकडील अर्धा भाग तपकिरी दिसू शकतो. नखांवर निळसर छटा थंडीने आली तर ती ऊब मिळताच जाते. ऊब देऊनही ती राहिली आणि ओठही निळसर दिसले, तर ते तातडीचे लक्षण समजून रोग्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पिवळेपणा आपल्या घरांतून बहुधा हळदीचा, मेंदीचा किंवा नखांच्या रंगाचा असतो, तो घासल्याने किंवा नख वाढल्याने जातो. सिगारेटचा पिवळेपणा बोटांवरही असतो आणि तो काय सांगतो हे सर्वांस ठाऊक आहे.

काळ्या रेघेविषयी मात्र सावकाश ऐकावे. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी उभ्या रेघा असणे सामान्य आहे. शुद्ध शाकाहारी कुटुंबांत ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने नखे व बोटांचे सांधे काळवंडू शकतात आणि ते सत्त्व मिळाले की रंग निवळतो. परंतु मध्यम वयात किंवा त्यानंतर एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी काळी उभी रेघ उमटली, ती महिन्यामहिन्याने रुंद होत गेली, किंवा तिचा काळेपणा नखाबाहेर कातडीवर पसरला, तर तो त्वचेचा एक घातक कर्करोग असू शकतो. कातडीवर पसरणाऱ्या या खुणेकडे इंग्लंडमधील जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये लक्ष वेधले होते. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली हा रोग १९७७ साली निदानास आला. आरंभी ती फुटबॉल खेळताना झालेली दुखापत वाटली होती. १९८१ साली, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मार लागून साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकते व मागे स्वच्छ नख येते. जो डाग पुढे सरकत नाही तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे.

आता पायांकडे येऊ. आपल्या ज्ञातीत, शहरांतून तर विशेषच, मधुमेह घरोघरी आहे. मधुमेह्याच्या पायांची जाणीव हळूहळू बधिर होते आणि लहान जखम त्यास कळत नाही. अशा पायाच्या नखांना बुरशी लागली की ती जाड, पिवळी, भुसभुशीत होतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि त्यांतून पायात पू शिरण्यास वाट मिळते. बुरशीवर औषध आहे, पण नवे नख येईपर्यंत ते महिनोन्महिने घ्यावे लागते, म्हणून चार आठवड्यांत गुण नाही असे म्हणून ते सोडू नये. मधुमेह्याने पायाची नखे भरपूर उजेडात, सरळ रेषेत कापावीत. कडांत खोल जाऊन कोरू नयेत. नजर अधू असेल तर मुलाने किंवा सुनेने ती कापून द्यावीत. वडिलांच्या पायांशी बसून त्यांची नखे कापण्यात कोणास कमीपणा वाटू नये. त्यातून त्यांचा पाय कदाचित वाचेल.

हाताच्या नखांचे तसेच एक दुखणे म्हणजे नखुरडे. दिवसभर धुण्याभांड्याच्या पाण्यात आणि साबणाच्या पुडीत हात राहिल्याने नखाच्या कडेची कातडी सुटते, तेथे सूज येते व ती वारंवार उलटते. ठिसूळपणाचेही तेच एक मोठे कारण आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘चिप्य’ आणि ‘कुनख’ हे नखांचे विकार सांगितले आहेत, म्हणजे हे दुखणे काही नवे नव्हे. हात कोरडे ठेवणे, रात्री खोबरेल तेल चोळणे, भांडी घासताना हातमोजे घालणे आणि नखाच्या कडेची कातडी न कापणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. नखुरडे वारंवार होत असेल तर रक्तातील साखरही एकदा पाहावी.

नखे ठिसूळ झाली आणि त्याबरोबर वजन वाढले, थंडी सोसेना, हात सुजून बांगडी अडू लागली, तर थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले असण्याचा संभव असतो. उलट ती ग्रंथी अतिरेकाने काम करू लागली तर नखे टोकाकडून गादीवरून सुटू लागतात. नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडले आणि बोटांचे सांधेही दुखू लागले, तर सोरायसिस या त्वचाविकाराचा विचार करावा. या सर्वांवर आज चांगले उपचार आहेत.

येथे एका गोष्टीविषयी सावध करणे आमचे कर्तव्य आहे. नखे व केस बळकट व्हावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेण्याची सध्या मोठी हौस आहे. या गोळ्या रक्ताच्या काही तपासण्यांत, विशेषतः थायरॉईडच्या आणि हृदयविकाराच्या तपासणीत, चुकीचे आकडे दाखवू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली दिला आहे. म्हणून त्या घेत असल्यास तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे. तद्वतच बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे जे यंत्र कोरोनाच्या काळात घरोघरी आले, तेही नखांवर गडद रंग असेल तर फसू शकते. डॉक्टरांकडे जाताना निदान एका-दोन बोटांचा रंग पुसून जावा. हातावरील रेषा पाहून भविष्य सांगणारे नखांवरूनही काही सांगतात, पण त्यांच्या सांगण्याने हिमोग्लोबिन वाढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

एवढ्या खुणा ऐकून कोणी गोंधळून जाऊ नये. लक्षात ठेवावयाचे तीनच प्रश्न आहेत. पहिला, हा बदल एका नखात आहे की सर्वांत? सर्वांत असेल तर कारण बहुधा शरीरात आहे. एकात असेल तर कारण बहुधा त्या बोटात आहे, मात्र काळ्या रेघेच्या बाबतीत एकटे नखच अधिक चिंतेचे. दुसरा प्रश्न, हा बदल जन्मापासूनचा आहे की नवा? नवा असेल तर दखल घ्यावी. तिसरा, त्याबरोबर थकवा, धाप, वजनात घट, सूज, रक्तस्राव असे दुसरे काही आहे काय? असेल तर विलंब करू नये. नखे रोगाचे निदान करीत नाहीत, ती डॉक्टरांचे दार दाखवितात. निदान डॉक्टरांनीच करावयाचे असते.

शेवटी मंडळापुढे आम्ही एक विनंती ठेवतो. मकरसंक्रांतीचे हळदीकुंकू आपल्या भगिनी मोठ्या उत्साहाने करतात आणि वाण म्हणून डबे, वाट्या, रुमाल लुटतात. पुढील संक्रांतीस मंडळाने पस्तिशीपुढील प्रत्येक भगिनीची हिमोग्लोबिनची तपासणी हेच वाण द्यावे. त्याच दिवशी पुरुषांच्या रक्तातील साखरेचीही तपासणी व्हावी. खर्च फार येणार नाही आणि ज्यांच्या रक्तात उणीव निघेल त्यांच्यामागे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांनी पुनः चौकशी करावी. सहा महिने अशासाठी की, तेवढ्या अवधीत त्यांची नखे पूर्णपणे नवी झालेली असतील आणि उपचार लागू पडला की नाही हे त्यांच्या हातावरच दिसेल.

आणि घरोघरीही एक परिपाठ ठेवावा. महिन्यातून एकदा, सकाळच्या उजेडात, रंग व मेंदी नसलेल्या बोटांनी, नवऱ्याने बायकोची, बायकोने नवऱ्याची आणि मुलांनी आईवडिलांची नखे पाहावीत. याला पाच मिनिटे पुरतात. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला’ अशी आपली म्हण आहे. काकण सर्वांस दिसते. त्या काकणाच्या हाताची नखेही आपणांस दिसावीत, इतकेच आमचे मागणे आहे.